आचल झोपली की नेट झोपतं

पहिला डेमो क्लास माझ्या तोंडातच राहिला. "अपूर्णांक म्हणजे..." एवढं म्हटलं आणि पडद्यावर मी गोठले. तोंड उघडं, हात वर. पलीकडून कंपनीच्या सुरभी मॅडम तुटक तुटक विचारत होत्या, "पौर्णिमा, ऐकू येतंय का?" मग त्याही गोठल्या.

संध्याकाळी मेल आला. शुक्रवारी दुपारी आणखी एक संधी देऊ. नेट वायरवरचंच हवं आणि वेग नीट हवा. यानंतर संधी नाही.

ऑनलाइन गणित शिकवायचं हे काम मिळालं नसतं तर दुसरी वाट तयार होती. नागपूरच्या एका कोचिंग क्लासनं मला होकार कळवला होता. पण आमच्या पिपरी मेघेहून नागपूर म्हणजे पहाटे निघायचं आणि अंधार पडल्यावर परतायचं. आचल तेव्हा सात महिन्यांची. मी निघेन तेव्हा ती झोपलेली, येईन तेव्हाही झोपलेली. तिचं पहिलं रांगणं मला कुणीतरी मोबाइलवर दाखवलं असतं.

म्हणून मी त्या नेटच्या मागे लागले. पुलगावला ड्युटीवर गेलेल्या माझ्या नवऱ्यानं, रत्नदीपनं, फोनवरून सांगितलं, "आधी मोबाइलवर पाह्य. त्याच डब्ब्यावरून मोबाइल पळत असन, तर लोचा बाहेर नाई, घरात हाय." मोबाइल छान पळत होता. कॉम्प्युटर मात्र रखडत होता. राउटर बंद करून चालू केला. वायर दुसऱ्या खाचेत लावून पाहिली. कॉम्प्युटरमध्ये मागच्या मागे काही डाऊनलोड होतंय का ते पाहिलं. काही नाही.

माझे सासरे बापूराव, म्हणजे बाबा, त्यांचं वेगळंच म्हणणं. "दुपारी वायर तापते ना गच्चीवर. सकायी पाह्य, कसं पयते ते." सकाळी वायर काढून लावली आणि पाहिलं. खरंच पळत होतं! दुपारी पुन्हा रखडलं. बाबा मिशीत हसले आणि गच्चीवरच्या वायरीवर ओलं पोतं टाकून आले. काही फरक पडला नाही. पोतं वाळलं तेवढं.

शेवटी केबलवाल्या मुकेशला बोलावलं.

"जय भीम, वहिनी," म्हणत तो कॉम्प्युटरसमोर बसला. आचल माझ्या कडेवर. त्यानं वायर काढली, पुन्हा लावली, वेग तपासला. "हे तर गाडीवानी पयून राह्यलं!"

"आता पळतंय. मी बसले की रखडतं."

"नवीन वायर टाकून देतो. तुमच्या मनात शंका नको." वायर बदलल्यावर त्यानं मला कॉम्प्युटरमधली एक जागा दाखवली. "इथं हजारचा आकडा दिसला पाह्यजे. शंभर असला तरी भागते. दहा दिसला का समजा, वायर पिनीवर नीट बसून नाई राह्यली."

मुकेश गेल्यावर बाबांनी नवीन वायर, जुनी होती तशीच, टेबलाच्या पायाला सुतळीनं करकचून बांधली. "पोट्टी आता रांगन. ओढून घेईन अंगावर." बाबांची गाठ म्हणजे बैलाच्या दाव्याची गाठ. सुटायचं नावच नाही.

दुपारी आचलला पाळण्यात टाकलं, ती झोपली, मी कॉम्प्युटरला बसले. रखडलं. आकडा पाहिला. दहा.

दुसऱ्या दिवशी मुकेश पुन्हा आला. आचल जागी, माझ्या मांडीवर त्याच्या पक्कडकडे झेपावत होती. त्यानं वायर काढून लावली. हजार.

"वहिनी, तुमचं नेट मले पाहून लाजते वाटते."

माझ्या सासूबाई भागीरथाबाई, म्हणजे आई, दारात तूर निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुले काऊन लाजन रे, तू काय जावई हाय? आचल झोपली का नेट झोपते. मी रोज पाहून राह्यली."

मुकेश खो खो हसला. मीही हसले. पण नंतर कणीक मळताना हात थांबला. आई म्हणतात ते खरंच होतं की! ती जागी असते तेव्हा नेट जागं, ती झोपली की झोपलेलं. पण वायरीला काय कळतं, पाळण्यात कोण झोपलंय ते?

गुरुवारी दुपारी आचल काही केल्या झोपेना. आई पाळण्याजवळ उभ्या राहून हातानं झोका द्यायला लागल्या. "तू तुई मशीन पाह्य. हिले मी पाहतो." मी वायर काढून लावली. आकडा हजार. आचल झोपली. आकडा हजारच! पुन्हा पुन्हा पाहिलं, हलायला तयार नाही.

"आई, झोपली तरी चालतंय!"

"मंग झालं दुरुस्त," म्हणत आई डाळ शिजली का पाहायला स्वयंपाकघरात गेल्या. पाळणा थांबला तशी आचल कुरकुरली. मी रोजच्यासारखा दोरीचा फासा पायाच्या अंगठ्यात अडकवला आणि झोका द्यायला लागले. डोळे पडद्यावर, पाय खाली हलता.

चौथ्या-पाचव्या झोक्याला आकडा गेला. मग आला. दहा.

मी पायाकडे पाहिलं. दोरी पाळण्यापासून निघून टेबलाच्या पायाला वळसा घालून माझ्या अंगठ्यापर्यंत आली होती. खुर्चीच्या चाकात अडकू नये म्हणून बाबांनीच ती तशी घेतली होती, सुतळीच्या त्या गाठीखालून. आणि गाठीत वायर. मी पाय ओढला की दोरी ताणायची, दोरी गाठ ओढायची, गाठ वायरीला ओढायची. आमच्या जुन्या कॉम्प्युटरची खाच आधीच सैल, प्लग तिथे नीट अडकत नव्हता. तो केसभर बाहेर यायचा, पडायचा नाही. एवढ्यानंच नेटचं कंबरडं मोडायचं.

मी पाय थांबवला, प्लग दाबून बसवला. हजार. पाय हलवला. दहा. पुन्हा दाबला. हजार.

मला इतकं हसू आलं की आई पळी घेऊन धावत आल्या. मी पुन्हा करून दाखवलं. आईंनी पाळणा, दोरी, टेबल, वायर असं डोळ्यांनी फिरून पाहिलं आणि ओसरीकडे तोंड करून हाक मारली, "आवो, या इकडं! तुमची गाठ पाहा काय करून राह्यली!"

बाबा आले. बराच वेळ टेबलाखाली वाकून पाहत राहिले. "गाठ तर पक्की हाय," म्हणाले.

"पक्की हाय म्हनूनच त!" आई म्हणाल्या. बाबांनी विळ्यानं सुतळी कापली आणि वायर भिंतीकडून वेगळी नेली. दोरी मोकळी झाली. पण मोकळी दोरी खुर्चीच्या चाकात जाते, म्हणजे शुक्रवारी पायानं झोका देणं बंदच. आणि शुक्रवारी आईंना नालवाडीला भाचीच्या साखरपुड्याला जायचं होतं.

"नाई जात मी," आई म्हणाल्या.

"जाय व तू. मी हालवतो पायना."

"तुमी? चार लेकरं झाले, एकाचा तरी हालवला काय?"

"तवा वावरात राहो मी."

"रातीही वावरातच राहे काय?"

 शुक्रवारी बाबा जेवण आटोपून, मला विचारून, पाळण्याशेजारी स्टूल टाकून बसले. मी बजावलं, "बाबा, क्लास सुरू असताना अजिबात बोलायचं नाही." त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

बाबांचा झोका म्हणजे बैलाचा कासरा ओढल्यासारखा. आचल झोपणार कशाची! क्लास ऐन रंगात आला आणि ती मोठ्यांदा खिदळली. माझा हात माइक बंद करायला गेला.

"मॅडम, कोण हसलं?" पडद्यावरची एक मुलगी.

कंपनीला मी बाळाचं सांगितलंच नव्हतं. सुरभी मॅडम कोपऱ्यातल्या चौकोनातून बघत होत्या. हात परत घेतला. "माझी मुलगी. सात महिन्यांची आहे."

"मग ती एक वर्षाची पण नाही!"

"नाही ना. मग सांगा, ती किती वर्षांची? वर्षाचे बारा भाग केले, तर?"

 मग चार-पाच आवाज एकदम, "सात छेद बारा!"

पाळण्याजवळ बाबांचे खांदे गदगदा हलायला लागले. जन्मभर सातबारा म्हटला की तलाठी आठवणारा माणूस. तोंडावर उपरणं दाबून बसले होते.

क्लास संपला, मुलं गेली. चित्र एकदाही थांबलं नव्हतं. सुरभी मॅडम म्हणाल्या, "वेग आज छान आहे. पण दोन ते चार रोज जमेल तुम्हाला? बाळ लहान आहे."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान इतक्या जोरात हलवली की टोपी पाळण्यात पडली आणि आचलनं ती तोंडात घातली.

"जमेल," मी म्हटलं. "कधी कधी तिचा आवाज येईल."

"येऊ दे. आज मुलांना छेद तिच्यामुळेच समजला. सोमवारपासून सुरू करा."

मी कॉम्प्युटर बंद केला आणि तशीच बसून राहिले. मागून बाबांनी हळूच विचारलं, "आता बोलू काय मी?"

"बोला ना, बाबा."

"हात भरून आला माहा. घे इले."