बॅटवरचा स्टिकर

"फाईलमधला स्टिकर काय पाय फुटून गेला? खरं सांग ओमकार, तू हात लावला होतास का नाही?"

"मी कायकू लावू हात? काहीही हरवलं की मीच दिसतो का तुला?"

"ह्या घरात दोघंच तर आहोत आपण. मग काय भिंतीला विचारू?"

"डोक्याला विचार तुझ्या! कालच चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधत होतीस. स्टिकर पण असाच ठेवलास कुठं तरी."

हे तो इतक्या जोरात ओरडला की खालचा इस्त्रीवाला मान वर करून बघायला लागला. सत्यवती आत्याचा हात नकळत कपाळाकडं गेला, चष्मा आहे का बघायला. ओमकारनं ते बघितलं, हेल्मेट उचललं आणि बेचाळीस पायऱ्या धाडधाड उतरून गेला.

बरं, स्टिकर कुठं गेला हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. चांगलं ठाऊक होतं.

चार वर्षांपूर्वी आत्याचा उजवा गुडघा बदलला. तेव्हा दवाखान्यानं फाईलमध्ये एक चकचकीत चंदेरी स्टिकर लावून दिला होता, आत बसवलेल्या सांध्याचा नंबर असलेला. ओमकार तेव्हा तेरा वर्षांचा. त्याच्या बॅटला कुठल्याच कंपनीचं नाव नव्हतं, पोरं हसायची. त्यानं नखानं हल्लू हल्लू तो स्टिकर सोडवला आणि बॅटवर चिकटवला. नल्लकुंट्याच्या गल्लीत कुणाला काय कळतंय! महिनाभर त्याची बॅट फॉरेनची होती.

आणि आत्याचा गुडघा मात्र दोन वर्षांतच कटकट वाजायला लागला. मग सूज, मग ताप. गेल्या आठ महिन्यांत ती दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरली नव्हती. भाजी हवी असली की दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडायची, भाजीवाली भरायची, आत्या ओढून घ्यायची. ज्या बाईनं आईबाप नोकरीपायी लांब मंचेरियालला असताना ह्याला बोटाला धरून रोज शाळेत सोडलं, तिची ही गत. ती शाळाही ओमकारनं दहावीत सरांशी भांडून सोडली. आता तो स्कूटरवर पार्सलं टाकायचा.

महिन्यापूर्वी ओळखीचे केशवराव काठी टेकत वर आले होते. त्यांचाही गुडघा त्याच दवाखान्यातला. "बाई, आपण दोघंच नाही," ते धापा टाकत म्हणाले. "एक्केचाळीस जण सापडले. कंपनीची ती बॅचच खराब होती. सगळ्यांची मिळून एकच तक्रार करायची ग्राहक आयोगात, की आमचे गुडघे पुन्हा नीट करून द्या. हिमायतनगरच्या अनुराधा मॅडम वकील आहेत, आपल्याच मराठी. फक्त स्टिकरवरचा बॅच नंबर द्यायचा. सगळ्यांचे आले की यादी दाखल होईल."

"दवाखान्यात नसेल का नंबर?"

"दवाखाना कुठाय? तिथं आता साड्यांचं दुकान आहे. तसा नंबर सांध्यावरही कोरलाय म्हणे. पण तो वाचायला चष्मा चालत नाही, सुरी लागते."

दोघं कितीतरी वेळ हसली. आत्या त्या दिवशी खिडकीत बसून खालचा रस्ता बघत होती. "ओम्या, बरी झाले की पहिल्यांदा बर्कतपुऱ्यापर्यंत चालत जाईन. तू मागं मागं ये, पण हात धरायचा नाही," म्हणाली.

नंबर द्यायची मुदत शुक्रवारपर्यंत. आत्या आठवडाभर घर उपसत होती. भांडण झालं बुधवारी.

गुरुवारी सकाळी ओमकार उठला तर आत्या जमिनीवर बसलेली. त्या पायानं ती जमिनीवर कशी बसली आणि उठणार कशी, देव जाणे. ट्रंक उघडी, तांदळाचा डबा परातीत पालथा. तांदळात हात घालून ती स्टिकर शोधत होती. कानाला फोन.

"नाही केशवराव, माझंच डोकं राहिलं नाही आता. ओमकार खरं बोलला. मीच कुठं तरी टाकला असेल. माझ्यापायी चाळीस जणांना कशाला लटकवायचं? मी चिठ्ठी लिहून ठेवते, तुम्ही न्या आणि माझं नाव काढायला सांगा."

ओमकार खरं बोलला. हे ओमकारनं दारातूनच ऐकलं. तिथंच सांगितलं असतं तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं. पण आधी बॅट आणू, मग बोलू, असं त्यानं ठरवलं. हातात काहीतरी असलं म्हणजे शिव्या कमी बसतात, असा त्याचा हिशोब. आत्याला काखेत हात देऊन उठवलं, खुर्चीत बसवलं आणि तो कुकटपल्लीला सुटला.

शाळा सोडली तेव्हा ती बॅट त्यानं रागारागात विक्रमला देऊन टाकली होती. विक्रम त्याच्या वर्गातला, कुकटपल्लीला राहायचा.

"ती बॅट?" विक्रम हसायलाच लागला. "अरे, अम्मा गोधड्या धोपटते रा तिनं."

गच्चीवर विक्रमची आई, भाग्यलक्ष्मी आंटी, खरंच साबणाच्या पाण्यात गोधडी बडवत होती. ओमकारनं जवळजवळ हिसकावलीच बॅट. फळी फुगून पांढरी पडलेली. स्टिकर होता. कोपरे गेले होते, पण होता. नंबर मात्र धुऊन निघाला होता. शेवटचे दोन आकडे तेवढे राहिले होते, चार आणि सात.

तशीच ओली बॅट घेऊन तो हिमायतनगरला वकिलीणबाईंच्या ऑफिसात घुसला आणि आत्याचं नाव सांगितलं. अनुराधा मॅडमनी बॅट दिव्याखाली धरली, चष्मा काढून बघितली, परत लावून बघितली.

"कुणी चिकटवला हा?"

"मी."

"आत्याला माहीत आहे?"

ओमकार भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागला.

"केशवराव अकरा वाजता चिठ्ठी देऊन गेले," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं, ह्यालाही उलटं बोलता आलं असतं. "उद्यापर्यंत थांबणार होते मी. पण अडलेलं नाव एकच, आणि तेही तुझ्या आत्यांनीच काढायला सांगितलं. तासाभरापूर्वी यादी दाखल केली. काल आला असतास तर ही बॅट दाखवून मी मुदत मागितली असती."

"मग आता घाला ना नाव! तुमच्यासाठी एका ओळीचं काम!"

"ओरडू नकोस. दाखल झालेल्या यादीत मी नाव घुसवू शकत नाही. आता वेगळा अर्ज करावा लागेल. घेतील की नाही, सांगता येत नाही, दोनच आकडे आहेत. आणि सोबत प्रतिज्ञापत्र लागेल, स्टिकर फाईलमधून बॅटवर कसा गेला ते सगळं लिहून. तू सतरा वर्षांचा, तुझी सही चालायची नाही. त्यांची लागेल." त्यांनी कोरा फॉर्म पुढं सरकवला. "म्हणजे त्यांना आधी सांगावं लागेल. तुलाच."

नल्लकुंट्याला पोचला तेव्हा उन्हं कलली होती. ओमकारनं स्कूटर लावली आणि पहिल्या पायरीपाशी उभा राहिला. मग मागं फिरला, खिडकीखाली आला.

"आत्या! पिशवी सोड!"

"भाजी आणलीस होय रे?" वरून खूश आवाज आला. पिशवी डुलत डुलत खाली आली. ओमकारनं फॉर्म घडी करून तळाशी ठेवला आणि त्यावर बॅट उभी केली, दांडा वर.

आत्यानं ओढायला सुरुवात केली. "जड आहे बाई. भोपळा आणला काय?" बॅट भिंतीला आपटत आपटत वर गेली.

पिशवी खिडकीतून आत गेली. इस्त्रीवाला इस्त्री थांबवून वर बघत होता. शेवटी आत्याचं डोकं दिसलं. चष्मा डोळ्यांवर होता. एका हातात बॅट, दुसरा हात स्टिकरवर.

"चष्मा कपाळावर होता म्हणालास मला," ती म्हणाली. मोठ्यानं नाही, तरी खाली ऐकू आलं. "आठ दिवस मी डबे उपसतेय रे."

ओमकारनं स्कूटरची किल्ली बोटाभोवती दोनदा फिरवली.

"वर ये," आत्या म्हणाली. "मला खाली येता येत नाही. तू ये. काय झालं ते तुझ्या तोंडानं सांग."

"आत्या, पार्सलं पडलीत," तो म्हणाला. "मला जायचंय आता."