गाळलेला रकाना

एरंडोलहून रोज बसने येणाऱ्या हेमलताचं गोपाल सरांच्या प्रयोगशाळेतलं हे तिसरं वर्ष. भूमिकाला धुळ्याहून येऊन जेमतेम चार महिने झाले होते, तरी काही अडलं की सर आता म्हणत, “भूमिका, जरा बघ.” हेमलताचा जीव प्रत्येक वेळी जळे.

महिनाभर दोघी एकाच प्रश्नावर होत्या. प्रोसेसरमधले काउंटर त्याच्या कामाची मोजदाद ठेवतात. संगणक तोच, प्रोग्राम तोच; पण जुन्या कर्नलवर, म्हणजे कार्यप्रणालीच्या जुन्या गाभ्यावर, आकडा स्थिर येई आणि नव्यावर दर वेळी निराळा. कारण शोधणारीच परिषदेत निबंध वाचणार, असं सरांनी ठरवलं होतं.

सरांना मोजमापं छापून वहीत चिकटवलेली लागत. पानावर मावत नाही म्हणून हेमलताने पहिल्याच वर्षी शेवटचा रकाना गाळणारी स्क्रिप्ट लिहिली होती. आज भूमिकाने ती न वापरताच मोजणी केली.

“ताई, इथे शेवटी साठ टक्के का येतं? जुन्यावर तर शंभर आहे.”

हेमलताला त्या क्षणी सगळं उलगडलं. काउंटर मोजकेच असतात. संगणक गोठला तर ओळखणारी पहारा-यंत्रणा नव्या कर्नलवर चालू होती आणि तिने एक काउंटर अडवला होता. उरलेल्यांवर पाळीपाळीने मोजणी होत होती. साठ टक्के वेळ मोजलेलं, बाकीचा अंदाज.

“काही नसतं ते. सोडून दे.”

“बरं. मग तुमचीच स्क्रिप्ट लावते.”

भूमिका चहाला गेल्यावर हेमलताने पहारा बंद केला. दहाही वेळा आकडा स्थिर आला. दुपारी सरांसमोर तिने कारण मांडलं.

“शाब्बास! म्हणजे परिषदेला तूच.”

“भारीच, ताई! आता बठ्ठं कळालं,” भूमिका मनापासून म्हणाली. “ते साठ टक्के म्हणजे हेच होतं ना?”

सरांनी वर पाहिलं. भूमिकाच्या चेहऱ्यावर संशयाचा लवलेश नव्हता, आणि हेमलताला तेच झेपेना.

“सर, सकाळी तिनेच ते दाखवलं. मला तेव्हाच कळलं होतं. मी तिला सोडून दे म्हणाले.”

सरांनी वही मिटली. “मग भूमिका जाईल. तिला नीट समजावून दे. आत्ताच.”

हेमलताने खुर्ची तिच्याशेजारी ओढली. भूमिकाला दुसऱ्या वाक्यातच सगळं समजलं. हेमलताचा जीव पुन्हा तसाच जळला; तरी तिने तिसरं वाक्य सांगितलं.