पायरीतला अद्धा

मी एक जुना अद्धा आहे. मित्रांनो, अद्धा म्हणजे अर्धी वीट. जन्मलो तेव्हा मात्र मी अख्खा होतो! भट्टीतून तांबडालाल होऊन निघालो आणि तोऱ्यातच एका छोट्या घराच्या बांधकामावर उतरलो.

त्या घरात गुडघ्याचं ऑपरेशन झालेले आजोबा राहायला येणार होते. त्यांची सून रोज विचारायची, "मिस्त्री, पायरी लक्षात आहे ना? एवढं उंच जोतं बाबांना चढवायचं नाही."

"वहिनी, पायरी सगळ्यात शेवटी. निर्धास्त राहा."

मिस्त्रींचा हात सफाईचा, पण एक खोड वाईट. अर्धी वीट लागली की पुढ्यातली अख्खी उचलायची आणि थापीच्या फटक्याने तोडायची. शेजारी अद्धे पडलेले का असेनात! तसाच मीही तुटलो. माझा जोडीदार भिंतीत गेला, मी राडारोड्यात.

माल वाहणाऱ्या मावशींनी मला उचललं, झटकलं आणि कुंपणाकडेला इतर अद्ध्यांच्या ओळीत ठेवलं.

"मावशी, दुकान थाटलंत की काय?" मिस्त्री हसले.

"पहिलं गिऱ्हाईक तुम्हीच व्हाल. तोडायला हात उठतो, शोधायला मान वळत नाही तुमची!"

एक दिवस राडारोडा न्यायला ट्रॅक्टर आला. "तेही भरा," मिस्त्री म्हणाले. मावशी आमच्यापुढे फतकल मारून बसल्या. ट्रॅक्टर आमच्याविना गेला.

आजोबा यायला आठवडा उरला, पायरी तेवढी बाकी होती आणि विटा संपल्या. नवी गाडी पंधरा दिवसांशिवाय मिळेना. सुनेचा चेहरा उतरला. मिस्त्री डोकं खाजवत कुंपणाकडे बघू लागले.

"या गिऱ्हाईक," मावशी म्हणाल्या, "काय देऊ?"

मिस्त्री लाजून हसले. त्यांनी आम्हाला एकेक करून पारखलं, सांध्याला सांधा येणार नाही असं बसवलं. त्या दिवशी थापीचा फटका एकदाही वाजला नाही. वरून गिलावा झाला. मावशींनी रोज न चुकता पाणी मारलं.

आजोबा आले. सुनेच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी एक पाऊल टाकलं, नेमकं माझ्यावर. थांबले. मग दुसरं टाकलं.

"चढलो गं, सूनबाई!"

मित्रांनो, नवं तोडण्याआधी एकदा मान वळवून बघा. कडेला कुणीतरी वाट बघत असतं. मी आता कुणाला दिसत नाही. पण सकाळी ती सावकाश पावलं आली की मी अंग घट्ट करून बसतो.