दोन बोटांनी पुसलेला बोका

या, जवळ सरका. दारात उभं राहून गोष्ट ऐकू नये, अर्धी बाहेर सांडते. आज एका बोक्याची, त्याच्या म्हातारीची आणि एका कलाकाराची गोष्ट सांगते. आणि 'कलाकार' हा शब्द मी नाक मुरडून उच्चारते आहे, तेवढं ध्यानात असू द्या.

मावशी आमच्याच मजल्यावरची, समोरच्या दाराची. सारा जन्म बसमध्ये कंडक्टर. आवाज असा, की शेवटच्या बाकावर घोरणारा माणूसही आपला थांबा यायच्या आधी दचकून उभा राहायचा. मग एका सकाळी मेंदूत रक्ताची गाठ झाली. उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर वाचाही गेली. उरलं ते एवढंच: "पुढे चला!" पाणी हवं असलं तरी पुढे चला, उशी टोचली तरी पुढे चला. समजायचं तिला सगळं. बोलायला गेली की तेवढंच बाहेर पडायचं.

तिच्या घरात तिचं म्हणावं असं एकच माणूस, आणि ते म्हणजे मुकादम. बोका हो! काळा-पांढरा, आडवा वाढलेला, डावा कान भांडणात अर्धा फाटलेला. खिडकीत बसून साऱ्या गल्लीवर देखरेख करायचा, म्हणून हे नाव. मावशी आजारी पडल्यापासून मात्र खिडकी सोडून तो तिच्या मांडीवरच मुक्कामाला होता. डॉक्टरांच्या गोळ्यांनी काय केलं ते डॉक्टर जाणोत. त्या बाईचा दिवस उगवायचा तो त्या बोक्याच्या वजनाने.

अशात तिच्या बहिणीचा मुलगा सेवा करायला म्हणून राहायला आला. सेवा काय केली म्हणता? उजेडाची पुढची खोली घेतली आणि मावशीची खुर्ची आपल्या पाठीमागे कोपऱ्यात ढकलली. डोक्यावर अंबाडा, तळवा स्क्रीनला लागू नये म्हणून हातात दोनच बोटांचा काळा मोजा, समोर टॅब्लेट. दर रविवारी ऑनलाइन वर्ग: 'गोंडस प्राणी काढा, अगदी पहिल्यापासून!' आणि शिकणारी मंडळी त्याला 'सर' म्हणायची. ऐकवत नसे.

काय शिकवायचा? एक मोठा गोल, ते डोकं. खाली छोटा गोल, ते अंग. डोळे बशीएवढे, तोंड मुगाएवढं, गालांवर गुलाबी ठिपके. "हे कान सशाचे, हे कान मांजराचे, बाकी सगळं तेच!" असं स्वतःच म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. त्याच्या मांजरांना नखं नसत, मिशा वाकत नसत, भूक लागत नसे. भगवंताने एकेक जीव निराळा घडवला, आणि या गृहस्थाने सगळ्यांना एकाच साच्यात बसवून वर गाल रंगवले!

एके दिवशी मी सूप घेऊन गेले, तर मावशीची मांडी रिकामी.

"मुकादम कुठाय रे?"

"पळाला, काकू," मान वर न करता कलाकार म्हणाला. "मांजराची जात ती. माया नसते त्यांना."

मावशी डाव्या हाताने खुर्ची बडवायला लागली. "पुढे चला! पुढे चला!" डोळ्यांत नुसती आग.

"बघा, तिलाही पटलंय," तो म्हणाला. "झालं गेलं सोडा, पुढे चला म्हणते."

त्या दिवसापासून मावशीने तोंडाशी नेलेला घास निम्म्याहून जास्त परत यायला लागला. मी जिने शोधले, गच्ची शोधली, कचऱ्याचे डबे उपसले. बोका नाही. तिला काहीतरी सांगायचं होतं, हे मला कळत होतं. काय, ते कळत नव्हतं, आणि ती सांगणार कशाने?

पुढचा रविवार आला. वर्गाला माणसं कमी येत होती म्हणे, तर कलाकाराला युक्ती सुचली. मला हाक मारली. "काकू, जरा मावशीच्या मांडीवर टॅब्लेट धरा. हिला काढता येतं म्हटल्यावर कुणालाही येईल!" ऐकलंत? आजारी बाईची जाहिरात! तळपायाची आग मस्तकात गेली. पण मावशीने डावा हात आपणहून पुढे केला, म्हणून मी त्यात पेन दिलं आणि टॅब्लेट धरला. ती जे काढेल ते साऱ्या वर्गाला दिसणार होतं.

"मित्रहो, ही माझी लाडकी मावशी," कलाकार गोड आवाजात म्हणाला. "हं मावशी, मोठ्ठा गोल."

मावशीने गोल काढला. वाकडा, पण गोल.

"छान! आता दोन मोठे डोळे."

तिने दोन बारीक फटी काढल्या, उन्हात बसलेल्या मांजराच्या असतात तशा.

"नाही, नाही." त्याने पुढे होऊन स्क्रीनवर दोन बोटं दोनदा टेकवली. असं केलं की शेवटची रेघ पुसली जाते. डोळे गेले.

आता बघा हं. त्याच्या पाठीमागे कोपऱ्यात बसून ही बाई सगळे वर्ग पाहत आली होती. त्याच्या लेखी ती खोलीतलं एक सामान. पण दोन बोटांनी पुसतात आणि तीन बोटांनी पुसलेलं परत येतं, हे ती केव्हाच शिकून बसली होती! तिने पेन मांडीत टाकलं आणि तीन बोटं दोनदा टेकवली. डोळे परत!

वर्गातलं कुणीतरी फिस्सकन हसलं. कलाकाराने पुन्हा पुसलं, मावशीने पुन्हा आणलं. पेन उचलून तिने एक कान काढला टोकदार, दुसरा अर्धा फाटका. खाली गोल अंगाऐवजी चौकोन, त्याला दोन बंद आणि मधोमध चेन. पिशवी! आणि पिशवीचे बंद धरलेला एक माणूस, दारात, डोक्यावर अंबाडा.

"हे काही आजच्या धड्यात नाही," म्हणत तो टॅब्लेट ओढायला लागला.

"हात काढ!" मी म्हटलं. "तूच दिलास ना तिच्याकडे?"

वर्गात एक निवृत्त अग्निशामक होते. वर्गात कधी चकार शब्द न काढणारे. ते म्हणाले, "सर, माणूस तुमच्यासारखा दिसतोय. अंबाडा तर तुमचाच."

"तिला भास होतात हो!"

"भास झालेल्या माणसाला पिशवीची चेन आठवत नाही," कुणी बाई म्हणाल्या. "मांजर कुठे नेलंत?"

"अहो, मित्राच्या रंगांच्या गोदामात आहे! मजेत आहे! इथे स्क्रीनवर नखं मारायचा, चरा पडला चरा! मी काम कशावर करू?"

मांजराची चित्रं शिकवायला मांजर घराबाहेर! आणि हे भर वर्गात ओरडून सांगताना त्याला लाज वाटली असेल? छे! चऱ्याचं दुःख होतं त्याला.

अग्निशामक शांतपणे म्हणाले, "मग घेऊन या. आम्ही बसतो इथेच. तोवर मावशी शिकवतील."

कुणी उठेना. शेवटी चपला पायात सरकवून कलाकार गेला.

परत आला तो हातभर ओरखडे घेऊन. पिशवी उघडली. मुकादम बाहेर पडला, निम्मा झालेला, अंगाला टर्पेंटाइनचा वास. मावशीकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ कपाटाखाली शिरला. मावशीने हाक मारायला तोंड उघडलं, आणि बाहेर तेच, पुढे चला. तिने ओठ मिटून घेतले आणि वाट पाहत बसली. वर्ग संपला, मी आणलेलं सूप गार झालं, खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं. मग कपाटाखालून एक फाटका कान दिसला.

तो चढला, पण उजव्या बाजूने. त्या मांडीला काही कळत नाही हो. तिने खाली पाहिलं तेव्हा तिला समजलं, की तो आलाय. मग डावा हात उचलून तिने त्याच्या पाठीवर ठेवला, आणि त्या दिवशी वाटीतलं सगळं सूप संपलं.

कलाकाराने त्याच संध्याकाळी इंटरनेटवर चित्र टाकलं: म्हातारी आणि बोका, दोघांच्याही गालांवर गुलाबी ठिपके. आता त्याला काय बोलायचं!

ते जाऊ द्या. हात जोडून देवाचं नाव घ्याल, तेव्हा त्या मावशीची तेवढी आठवण ठेवा. नाव माहीत नसलं तरी चालेल, कंडक्टर होती म्हणा. त्याला कळेल.