छत बोललं की

साबिनची बायको इटलीला जाणार की नाही, हे एका लोखंडी नळीच्या सांध्यावर ठरणार होतं. त्या मेल्या नळीची लायकी ती काय! पण रुमानियातल्या लुपेनीची कोळशाची खाण बंद पडल्यापासून माणसांचे जीव असल्याच गोष्टींना टांगलेले होते.

गॅसची लाईन टाकणाऱ्या एका कंपनीला वेल्डर हवे होते. परीक्षेत पास होईल त्याला सोमवारपासून काम, बाकीच्यांनी घरी बसावं. आणि साबिन घरी बसला, तर फ्लोरिकानं पादुआला जाऊन कुणा परक्या म्हातारीचं हगणंमुतणं काढायचं, असं दोघांचं ठरलं होतं. गावातल्या कितीतरी बायका तिकडे असल्याच म्हाताऱ्यांच्या उशाशी बसल्या होत्या. फ्लोरिकाची बॅग पलंगाखाली भरून तयार होती.

परीक्षेच्या सकाळी तिनं ती बाहेर ओढली आणि एकेक कपडा परत कपाटात लावायला घेतला.

"अगं, निकाल तरी लागू दे," साबिन म्हणाला.

"लागल्यातच जमा आहे. परवा तुझं काम बघून वेल्डिंगच्या वर्गातला मास्तर काय म्हणाला, तूच सांगितलंस ना? मी सारमाले करतेय. वेळेवर ये, नाहीतर खिमा भरलेली कोबीची पानं गार गिळावी लागतील."

साबिन निघाला. पन्नाशीला टेकलेला माणूस, सगळं आयुष्य जमिनीखाली कोळसा फोडण्यात गेलेलं. ड्रिल धरून धरून हात कायमचे थरथरते झालेले. सुरुवातीला त्याचा सांधा बघून मास्तर म्हणायचा, "काका, हे वेल्डिंग आहे की कोंबडीनं उकरलंय?" पोरंटोरं फिदीफिदी हसायची. पण साबिन हट्टाला पेटला. कोपर बरगडीला दाबून, श्वास धरून, तो त्या हातांना वळण लावत राहिला.

परीक्षा खाणीच्याच जुन्या वर्कशॉपमध्ये होती. शेजारच्या टेबलाशी त्रायान होता, खाणीतला त्याचा जोडीदार.

"नोरोक बुन, म्हाताऱ्या!" खाणीत उतरताना म्हणायचे तेच त्रायान म्हणाला. "नीट जोड हां. नाहीतर फ्लोरिका तिकडे एखादा देखणा इटालियन गाठायची."

"तू तुझी नळी बघ, तोंडाळा."

दोघांनी काळ्या काचेचे मुखवटे खाली ओढले. काचेआड मिट्ट काळोख, आणि त्यात फक्त ठिणगीपुरता उजेड. साबिनचा हात चालू लागला. आज तो हलत नव्हता. सांधा असा उतरत होता, की त्यालाच खरं वाटेना. शेवटचा थर उरला होता, तोही अर्ध्यावर आला.

तेवढ्यात डोक्यावर काहीतरी कडाडलं.

खाणीत छत बोललं की विचार करायचा नसतो. हातातलं टाकायचं, शेजारच्याला धरायचं आणि पळायचं. एकट्यानं पळणाऱ्याबरोबर नंतर कुणी दारूला बसत नसे. साबिननं होल्डर फेकला, त्रायानला काखेत धरून खेचलं आणि दोघं जाऊन दारापाशी कोसळले. मागे त्रायानची नळी शिकंज्यातून निसटून फरशीवर आपटली.

वरून काहीच पडलं नाही. ढग सरून ऊन आलं होतं, आणि छपराचा पत्रा तापून वाजला होता.

कोपऱ्यात कुणीतरी खो खो हसलं. परीक्षक शहरातून आलेला. तो माणूस वाईट नव्हता, त्यानं खाली वाकून विचारलंसुद्धा, "लागलं नाही ना, काका?" पण काम अर्धवट सोडलं की नापास, हा नियम. दोघांच्याही नावापुढे त्यानं फुली मारली.

"त्याची काय चूक? मी ओढलं त्याला," साबिन गयावया करत म्हणाला. "त्याला तरी परत बसू द्या, साहेब."

परीक्षकानं नकारार्थी मान हलवली.

त्रायान उठला, गुडघे झटकले. खाणीत छत खरोखर खाली आलं होतं, तेव्हा साबिननं त्याला असंच खेचून काढलं होतं. दर नाताळात त्रायान त्याच्या नावानं पहिला पेला उचलायचा. आत्ता तो साबिनच्या तोंडाकडे न बघता म्हणाला, "तेव्हाच राहू द्यायचं होतंस मला खाली."

आणि निघून गेला.

साबिन घरी पोचला तेव्हा सारमाले वाफाळत होते. फ्लोरिकानं चांगली ताटं काढली होती. त्याच्याकडे बघून तिच्या हातातला पळा तसाच राहिला.

"काय झालं?"

"पत्रा वाजला," तो म्हणाला. 

ती खाणकामगाराची पोर. तिला कळलं. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. कपाट उघडून तिनं सकाळी लावलेले कपडे एकेक करून पलंगावर टाकले आणि घड्या घालायला बसली.

"तू जेव," ती म्हणाली. "माझी गाडी उद्याच आहे."

तो जेवला नाही. बॅगेचं झाकण मिटेना, तेव्हा तिनं त्याला हाक मारली. तो गुडघा टेकून बॅगेवर बसला, दोन्ही हातांनी कडा दाबून धरल्या आणि तिनं चेन ओढली. त्याचे हात जराही हलले नाहीत.