अंगणातला घाट

गजेंद्रनं ॲक्सिलरेटर दाबत नेला तसे अंगणात ओळीनं टांगलेले हॅलोजन आधी लाल, मग पिवळे आणि मग लख्ख पांढरे झाले. गाडी मात्र जागची हलली नाही. तिची मागची रुंद चाकं जमिनीतल्या खड्ड्यात बसवलेल्या दोन फिरत्या लोखंडी रुळांवर गरगरत होती. पुढं सुटू नये म्हणून तिला मागून साखळीनं कडुनिंबाच्या बुंध्याला जखडलं होतं. पोळ्याच्या दिवशी बिथरलेल्या बैलाला बांधतात तसं.

"आनखी चार लाव!" तो ओरडला.

भिंतीवरच्या बटनांच्या फळीशी त्याची बायको मंजुश्री उभी होती. तिनं चार बटनं खाली केली. चार दिवे आणखी पेटले, इंजिन खोकललं, दोनदा फटफटलं आणि बंद पडलं. सगळे दिवे एकदम गेले. अंगणात अचानक संध्याकाळ झाली.

"पुन्हा तिथंच," मंजुश्री म्हणाली. "मी स्वयंपाकाले जाऊ काय?"

"एकडाव अजून."

"हे तुमचं एकडाव गनपतीपासून चालू हाये."

कुंपणापलीकडून कुणीतरी विचारलं, "गजूभाऊ, कोनाचं लगन हाये बे?" आणि उत्तराची वाट न बघता हसत पुढं निघून गेलं. मोताळ्यात आता हा विनोद शिळा झाला होता.

गाडीची ताकद मोजायच्या यंत्राला डायनो म्हणतात, हे गजेंद्रला मोबाइलवरच्या व्हिडिओंनी शिकवलं होतं. तसला डायनो जवळपास कुठं मिळणार नव्हता, आणि माणसाच्या डोक्यात एकदा किडा शिरला की तो गप्प बसत नाही. त्यानं मलकापूरच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमधले रूळ आणले. मंडपवाल्या राजकुमारकडून, म्हणजे त्याच्या चुलतभावाकडून, मोडक्या जनरेटरचा वीज तयार करणारा भाग आणि लग्नातले हॅलोजन आणले. गाडीच्या चाकांनी रूळ फिरायचे, रुळांनी जनरेटर फिरायचा, आणि होणाऱ्या विजेवर दिवे जळायचे. जितके दिवे जास्त, तितका गाडीवर भार जास्त. चढ चढताना पडतो तसाच. किती दिवे पेलले त्यावरून इंजिनाचा दम कळायचा. सारं घरच्या घरी, जुगाडात. शेजारच्या गल्लीत लाइट गेली की गजेंद्रच्या अंगणात दिवाळी असायची, आणि लोक शिव्या द्यायचे त्या वेगळ्याच.

गाडी म्हणजे त्याच्या वडिलांची जुनी काळी-पिवळी जीप. नारायणरावांनी तीस वर्षं ती मोताळा ते बुलढाणा प्रवासी, म्हणजे त्यांच्या भाषेत शिटा, भरून चालवली होती. राजूरच्या घाटातून दिवसाला चार फेऱ्या. काचबिंदूनं त्यांच्या डोळ्यांच्या कडा खात खात आत येणं सुरू केलं, एक दिवस पुलाचा कठडा घासला गेला, आणि जीप निंबाखाली उभी राहिली. तिथं चिमण्यांनी तिच्यात घरटी केली. गजेंद्रला ते बघवत नव्हतं. वेल्डिंगचं दुकान सांभाळून तो रोज संध्याकाळी तिच्यामागं लागला. टप कापला, बॉडी खाली आणली, मागं ट्रॅक्टरला शोभतील अशी चाकं लावली, अकोल्याच्या भंगारातून आणलेलं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन बसवलं आणि ते झाकायला बॉनेटच ठेवलं नाही. असल्या गाडीला हॉट रॉड म्हणतात, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. लोक मान डोलवायचे.

टप कापला त्या दिवशी नारायणराव हातानं गाडी चाचपत पुढून मागं गेले होते. "बोडकी केली बे तिले," एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांची बाज अंगणातून ओट्यावर गेली आणि तोंड भिंतीकडं झालं.

गजेंद्रच्या मनात एकच होतं. दसऱ्याला गाडीची पूजा करायची, बाबांना शेजारी बसवायचं आणि घाट चढून बुलढाण्याला नेऊन आणायचं. वारा लागेल, ती वळणं अंगाला कळतील, डोळ्यांचं काय एवढं. त्यासाठीच हा सारा खटाटोप होता, हॉट रॉडचं नाव नुसतं लोकांना सांगायला. पण बाबा ऐकत नव्हते. तो म्हणाला, बाबा तुम्हाला नेतो, तर ते म्हणाले होते, "डावीकडं शिटा बसतात. मी कदी शीट नाई झालो." म्हाताऱ्याचा हेका. दसरा चार दिवसांवर आला होता, आणि इंजिन चढावर मरत होतं ते वेगळंच.

त्यानं पुन्हा बटन दाबून गाडी सुरू केली. पुन्हा दिवे, पुन्हा तो खोकला, पुन्हा अंधार.

"तहानली हाये ती!"

आवाज ओट्यावरून आला. गजेंद्रनं वळून पाहिलं. नारायणराव बाजेवर उठून बसले होते. तोंड अंगणाकडं होतं.

"काय म्हनले बाबा?"

"चढाले लागली का तिले तेल कमी पडून राह्यलं. ऐकू नाई येत काय तुले? कान फाटले माये रोज ऐकून ऐकून."

गजेंद्र खाली वाकला. कार्बोरेटर खोलून त्यानं पेट्रोल सोडणारा बारक्या भोकाचा जेट काढला आणि एक नंबर मोठा घातला. मोठा जेट घालायचा त्याला धीर होत नव्हता, कारण व्हिडिओतला माणूस नको म्हणाला होता. कुठला कोण माणूस, आणि आपण त्याचं ऐकतो, असं त्याला आत्ता वाटलं. मान वर केली तर बाबा काठीनं भिंत चाचपत गाडीपर्यंत आले होते.

"सरक," ते म्हणाले.

"बाबा..."

"जागची हालत नाई ना? मंग? मी काय कोनाच्या अंगावर घालतो काय?"

गजेंद्रनं मंजुश्रीकडं पाहिलं. तिनं भुवया वर केल्या, म्हणजे सरका की. तो उतरला. नारायणरावांनी काठी त्याच्या हाती दिली, दरवाजा नसलेल्या जागेतून पाय आत टाकला आणि बसले. बसले ते सीटच्या अगदी उजव्या काठावर, अर्धं अंग बाहेर काढून.

"नीट मधात बसा ना बाबा. एकट्या ड्रायव्हरचीच सीट हाये ती."

नारायणरावांनी ऐकलं नाही. गजेंद्र पुढं काही बोलणार होता, मग त्याच्या ध्यानात आलं. काळी-पिवळीत पुढं चौघं बसायची. तीस वर्षं बाबा असेच अर्धे बाहेर लोंबकळत गाडी चालवायचे, लोकांना जागा करून. तो गाडीच्या मागं गेला आणि साखळी उगाचच पुन्हा ओढून पाहिली.

इंजिन सुरू झालं. नारायणरावांनी पहिला गिअर टाकला आणि चाकं हळूच फिरू लागली. दोनचार दिवे मंद पेटले. त्यांनी दुसरा टाकला, तिसरा टाकला. मग एकाएकी पाय उचलून हॉर्नच्या जागी तळहात दाबला. हॉर्न अजून बसवला नव्हता.

"काय झालं?" मंजुश्रीनं विचारलं.

"कॉलेजची पोरं. रस्त्याच्या मधात हिंडतात."

मंजुश्री हसली नाही. तिनं सासऱ्यांच्या तोंडाकडं नीट निरखून पाहिलं आणि साडीचा पदर कमरेला खोचला.

"मामाजी, राजूर आलं का सांगजा," ती म्हणाली. "मी घाट लावतो."

गजेंद्र चमकला. त्याला तिच्याजवळ जाऊन सांगावंसं वाटलं, की हे काय पोरखेळ लावलंस, मला दिवे मोजायचे आहेत. पण नारायणरावांचा हात तोवर स्टिअरिंगवर सैल होऊन बसला होता, घरच्या जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा. तो होता तिथंच थांबला.

"आलं राजूर," नारायणराव म्हणाले. त्यांनी गाडी न्यूट्रलला आणली, थोडं थांबले. मान डावीकडं वळवली. "सरका, सरका बाई, आत सरका. डबा मांडीवर घ्या. चाला." पुन्हा पहिला. "लाव घाट."

मंजुश्रीनं चार बटनं दाबली. इंजिनचा आवाज खाली आला, जड झाला. नारायणरावांनी गिअर खाली घेतला. आणखी चार दिवे. पहिलं वळण आलं असावं, कारण ते अंगानं उजवीकडं झुकले आणि त्यांच्याबरोबर, कुणी सांगितलं नव्हतं तरी, गजेंद्रही झुकला. लहानपणी शाळेला सुट्टी लागली की तो मागच्या फळकुटावर उभा राहून याच जीपमधून जायचा. वळणावर सगळ्या शिटा एका बाजूला कलायच्या, कुणाची पिशवी कुणाच्या तोंडावर यायची, कोंबड्या ओरडायच्या, आणि पुढं बाबांची पाठ तेवढी हलायची नाही. किती वर्षांत त्याला ही पाठ अशी दिसली नव्हती.

"लाव अजून. देवळाचा चढ हाये."

दिवे वाढत गेले. जिथं रोज खोकला यायचा तिथं इंजिन आलं, गजेंद्रनं श्वास धरला, आणि ते तिथून नुसतं गुरगुरत पुढं निघून गेलं. नारायणरावांनी स्टिअरिंगवरचा एक हात उचलून छातीला लावला आणि परत ठेवला. देऊळ मागं पडलं. मंजुश्रीची बोटं फळीच्या शेवटच्या ओळीवर पोचली. सगळे हॅलोजन पेटले. कडुनिंबाचं पान न् पान दिसत होतं, भिंती पांढऱ्या झाल्या होत्या, आणि त्या उजेडात नारायणराव डोळे मिटून घाट चढत होते.

किती दिवे पेलले ते मोजायचं गजेंद्रच्या ध्यानातच राहिलं नाही.

"आलो वर," नारायणराव म्हणाले. "हवा पाह्य कशी गार लागते." मग बुलढाण्याच्या स्टँडवर थांबले. इंजिन आपल्याशीच गुणगुणत राहिलं. थोड्या वेळानं ते म्हणाले, "चाल सूनबाई. उतार दे आता."

तिनं एकेक करून दिवे मालवले. नारायणराव ब्रेकवर हलका पाय ठेवून, वळणावळणाला अंग कलवत उतरले. राजूरला थांबले, तिथून पुढं सपाटीवर गाडी मोकळी सोडली, आणि शेवटचा गिअर काढून बटन बंद केलं. मागची चाकं अजून फिरत होती. ती थांबेपर्यंत त्यांनी स्टिअरिंग सोडलं नाही.

त्या शांततेत स्वयंपाकघरातून गजेंद्रच्या आईचा, विमलबाईंचा आवाज आला.

"आले काय हो?"

म्हातारी आत भाकरी थापत होती. इंजिन बंद झालं की तीस वर्षं हाच प्रश्न आतून यायचा. आज तो तिच्या तोंडातून आपसूक निघाला असणार. निघाल्यावर तिलाही कळलं असावं, कारण भाकरीची थाप थांबली.

"आलो," नारायणराव म्हणाले. "पाय धुवाले पानी ठेव."

गजेंद्रनं हात देऊन त्यांना उतरवलं. त्यांचा शर्ट पाठीला घामानं चिकटला होता. मोरीपाशी आणून त्यानं बादलीत तांब्या बुडवला. मनात धरून ठेवलेलं आत्ताच विचारावं, आत्ताच ते हो म्हणतील, असं त्याला वाटलं.

"बाबा, बरोबर झाली ना गाडी? दसऱ्याले याल ना मंग माह्यासंगं? घाटात नेतो तुमाले."

नारायणराव एक पाय पुढं करून, भिंतीला हात लावून उभे होते. चेहऱ्यावर दिवसभराच्या फेऱ्यांनंतरचा थकवा होता, सुखाचा.

"घाटात?" ते म्हणाले. "आत्ताच त आलो ना बे जाऊन. तू ने मंजुश्रीले. पोरीनं चांगला लावला घाट."

गजेंद्रला वाईट वाटलं, आणि ते कुठल्या गोष्टीचं हे त्यालाच नीट सांगता आलं नसतं. इतके महिने तो बाबांना नेण्याची तयारी करत होता, आणि आज बाबाच सगळ्यांना नेऊन सुखरूप परत घेऊन आले होते. त्यानं आग्रह केला नाही.

"लई शिटा होत्या काय बाबा?" त्यानं विचारलं.

"हाव. भरून होती," नारायणराव म्हणाले आणि दुसरा पाय पुढं केला.

गजेंद्रनं तांब्या भरला आणि पाणी ओतलं.