भिंगरीचा डोस

भिंगरी वर्गात एका जागी टिकेना. बाई फळ्याकडे वळल्या की ही खिडकीत. शेवटी शाळेने तिच्या आईला बोलावून बजावलं, सुट्टीपर्यंत सुधारली नाही तर दुसरी शाळा बघा. आता दुसरी कुठून आणणार? आधीच्या शाळांनीही हिला कोपरापासून हात जोडले होते.

आई लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायची. भेटेल त्याला ती उपाय विचारत सुटली. औषधांच्या दुकानदाराने माशाच्या तेलाची बाटली पुढे केली. म्हणाला, "चित्त थाऱ्यावर येतं." खात्री देता का म्हटल्यावर मात्र पठ्ठ्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. आईने बाटली घरी नेऊन फ्रिजवर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी लाँड्रीतल्या खडखडाटातून नणंदेला फोनवर ओरडून सांगितलं, "वन्सं, भिंगरी शाळेतून आली की तिला डोस द्यायचा. अजिबात विसरू नका!"

"अगं, मी कधीची तेच म्हणतेय," नणंद म्हणाली. ती त्यांच्याकडेच राहायची आणि भाचीच्या उड्यांनी तिचं डोकं उठायचं.

आठवड्याभरात भिंगरी निवळली. हाताची घडी, तोंडावर बोट. वर्गाच्या बाईंनी कौतुक केलं तेव्हा आईचे डोळे भरून आले. तिने लगेच फोन लावला. "वन्सं, गुण येतोय. सकाळीही द्या, मी कामावर निघाले की." सकाळीही सुरू झालं. भिंगरी आता जेवताना विचारायची, "हलू का?" औषध लागू पडलं की असंच होत असेल, अशी आईने स्वतःची समजूत घातली.

मग लाँड्रीतल्या इस्त्रीवालीला आपल्या वांड पोरासाठी ते तेल हवं झालं. घरी आल्यावर आईने ऐटीत बाटली खाली काढली. झाकणाचं सील जसंच्या तसं होतं.

"वन्सं, डोस देताय ना?"

"देते की! बाथरूममध्ये दिवा घालवून उभी करते. हलली की एक ठेवून देते आणि पुन्हा पहिल्यापासून. तूच म्हणालीस ना, विसरू नका म्हणून?" नणंदेने तिच्याकडे निरखून पाहिलं. "बंद करू?"

भिंगरी दाराशी हाताची घडी घालून उभी होती. तिला उचलून पोटाशी धरावं, असं आईला फार वाटलं. सुट्टी अजून लांब होती. आईने बाटली उद्यासाठी पिशवीत टाकली.

दुसऱ्या दिवशी तिने ती सीलबंद बाटली इस्त्रीवालीच्या हातात ठेवली. "गुणकारी आहे हो," म्हणाली. मग कोपऱ्यात जाऊन घरी फोन लावला.

"वन्सं," ती म्हणाली, "डोस दिला का?"